पॅकेजिंग कंपनीत सस्टेनेबिलिटीचं काम मिळालंय? मग आधी भाजक विचारा

पॅकेजिंग कंपनी वाढायला लागली की तिला सस्टेनेबिलिटीसाठी माणूस लागतो. वर्षानुवर्षं एकाच गतीने चाललेल्या कारखान्यात हे पद सहसा निघतच नाही. नवी लाइन यायची असते, मोठा ग्राहक लांबलचक प्रश्नावली पाठवतो, कर्ज देणारी बँक कार्बनचे आकडे मागते, आणि मग हे सगळं भरायचं कोणी, असा प्रश्न पडतो. तिथे तुमची नेमणूक होते. म्हणजे पहिल्या दिवसापासून तुमचे दोन मालक: एकाला उत्पादन वाढवायचंय, दुसऱ्याला आकडे खाली आणायचेत. बरेचदा हे दोघे एकच माणूस असतात, आणि त्यात काही विसंगती आहे असं त्यांना वाटत नाही.

स्कोप १-२-३ (कार्बनचे तीन कप्पे: स्वतःचा, विकतच्या विजेचा आणि कच्च्या मालासारखा बाकीचा), ईपीआर (पॅकेजिंगच्या कचऱ्याची उत्पादकावरची कायदेशीर जबाबदारी), एलसीए (वस्तूचा कच्च्या मालापासून कचऱ्यापर्यंतचा पर्यावरणीय हिशोब), पीई-पीईटी-बीओपीपी (प्लास्टिक फिल्मचे प्रकार) हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते. मलाही माहीत होतं. अडले मी भागाकारात.

फिल्म किलोवर विकली जाते. विक्रीचं टार्गेट टनात, उत्पादनाचा बोनस टनात, डिस्पॅचचा रिपोर्ट टनात. त्यामुळे तुमच्या हातात येणारं प्रत्येक माप ‘प्रतिटन’ असतं: प्रतिटन वीज, प्रतिटन सॉल्व्हेंट (शाई पातळ करणारं द्रावण), प्रतिटन कार्बन. मलाही तेच एक्सेल मिळालं आणि मी तेच पुढे भरत गेले. वरवर यात वावगं काही दिसत नाही. आता फिल्म पातळ करून बघा.

समजा एका ग्राहकाला महिन्याला १ कोटी चौरस मीटर पीई फिल्म लागते. घनता ०.९२ धरा. ६० मायक्रॉनला (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) एका चौरस मीटरचं वजन ५५.२ ग्रॅम, म्हणजे महिन्याचे ५५२ टन. तुमच्या टीमने खटपट करून तीच फिल्म ५० मायक्रॉनवर आणली. आता वजन ४६ ग्रॅम, महिन्याचे ४६० टन. तेवढ्याच पाकिटांसाठी ९२ टन प्लास्टिक कमी लागलं. पॅकेजिंगमध्ये याहून प्रामाणिक सुधारणा क्वचितच मिळते, कारण जे बनवलंच नाही त्याचा ना कार्बन, ना कचरा.

पण प्रिंटिंग आणि स्लिटिंगच्या (मोठा रोल चिरून अरुंद रोल करण्याच्या) मशीनला वजन कळत नाही, त्यांना मीटर कळतात. १ कोटी चौरस मीटर तेव्हाही पळवायचे होते, आताही पळवायचेत. या दोन विभागांची वीज समजा ५ लाख युनिट होती, ती तेवढीच राहणार. आधी ५ लाख भागिले ५५२, म्हणजे प्रतिटन सुमारे ९०६ युनिट. आता ५ लाख भागिले ४६०, म्हणजे सुमारे १,०८७. तुमच्या रिपोर्टमध्ये वीजवापर २० टक्क्यांनी ‘वाढला’. शाई आणि सॉल्व्हेंटचंही तेच, कारण शाई पृष्ठभागावर लागते, जाडीवर नाही. एक्स्ट्रूजनची, म्हणजे प्लास्टिक वितळवून फिल्म काढण्याची, वीज किलोबरोबर उतरते, त्यामुळे पूर्ण कारखान्याचा आकडा इतका वाईट दिसणार नाही, पण दिशा तीच. वर्षातलं सगळ्यात चांगलं काम रिव्ह्यू मीटिंगमध्ये लाल रंगात झळकतं आणि उत्तर तुम्हाला द्यावं लागतं. माझ्यावर ती वेळ आली तेव्हा एक्सेलमधल्या सूत्राकडे कोणाचंच बोट गेलं नाही. सगळ्यांची बोटं मेंटेनन्सकडे.

आता उलटी बाजू, आणि ही जास्त घातक, कारण इथे सगळे खूश असतात. कारखान्यात कंप्रेसर, चिलर, एसी, दिवे यांची बरीचशी वीज उत्पादन कमी असो वा जास्त, जळतच असते. उत्पादन वाढलं की तो भार जास्त टनांवर पसरतो. महिन्याला १,००० टनांसाठी १० लाख युनिट लागत होते. नव्या लाइननंतर १,५०० टनांसाठी १३.५ लाख लागू लागले. प्रतिटन १,००० वरून ९०० वर आलं. ‘ऊर्जा वापरात १० टक्के घट’ अशी ओळ लगेच कोणीतरी सादरीकरणात टाकतं. एकूण वीज मात्र ३५ टक्क्यांनी वाढलेली असते. ‘प्रतिटन १० टक्के घट’ हे खरं. नुसतं ‘१० टक्के घट’ हे खोटं. दोन्हींत एकाच शब्दाचा फरक, आणि ग्राहकाच्या ऑडिटरने तो पकडला की कंपनीच्या बाकी खऱ्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही. ‘प्रतिटन’ हा शब्द कोणी खोडला तर पुन्हा लिहा. परत खोडला तर परत लिहा. यावर माझी भांडणं झालीत, आणि ती व्हायलाच हवी होती.

तिसरी तऱ्हा त्याहून गुपचूप चालते. विस्तारात कंपनीने बिनछपाईची श्रिंक फिल्म (तापवली की आकसून मालाला घट्ट बसणारी) बनवायला घेतली. तिला ना शाई, ना लॅमिनेशन (थरावर थर चिकटवणं), नुसतं एक्स्ट्रूजन. ती टनेजमध्ये मिसळली की संपूर्ण कारखान्याचं प्रतिटन सॉल्व्हेंट धाडकन खाली येतं. जुन्या प्रिंटिंग मशीनवर मात्र कणभरही काही बदललेलं नसतं.

मग करायचं काय? तीन भाजक सोबत ठेवा: टन, हजार चौरस मीटर आणि शक्य असेल तिथे हजार पाकिटं. शेजारी एकूण आकडा, कशानेही न भागलेला. वरच्या पातळ फिल्मच्या उदाहरणात हजार चौरस मीटरला वीज आधीही ५० युनिट होती, नंतरही ५०. चित्र लगेच सरळ होतं. मायक्रॉन गुणिले घनता म्हणजे जीएसएम (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन), हे समीकरण तोंडपाठ हवं: १२ मायक्रॉन पीईटी, घनता १.४, म्हणजे १६.८. प्रॉडक्शनची माणसं हा हिशोब बोलता बोलता करतात. तुम्ही मोबाइल काढलात की तुम्ही ऑफिसवाले ठरता.

घाबरू नका, हे गणित पाचवीच्या पुढचं नाही. ते करायची आठवण करून देणारं कोणी नसतं, एवढीच अडचण.

आधारवर्षाचंही, म्हणजे पुढच्या घट-वाढीची तुलना ज्या वर्षाशी होते त्याचं, इथेच बोलून घेते. जीएचजी प्रोटोकॉलच्या (कार्बनचा हिशोब मांडायच्या नियमांच्या) कॉर्पोरेट स्टँडर्डनुसार कंपनीने दुसऱ्याचा चालू कारखाना विकत घेतला आणि त्याने आकड्यांत लक्षणीय फरक पडला, तर आधारवर्षाचा हिशोब मागे जाऊन दुरुस्त करायचा असतो. स्वतः नवी लाइन टाकली किंवा नवा कारखाना बांधला, तर नाही. ती वाढ तुमच्या माथी. मॅनेजमेंटला हे निर्णयाच्या आधी सांगा. नवीन शेड उभी राहिल्यावर ‘आधारवर्ष जरा वर सरकवता येईल का’ ही विचारणा येतेच, आणि तेव्हा नाही म्हणणं फार महाग पडतं. हे स्टँडर्ड फुकट उतरवून घेता येतं. वीकेंडला मिळणाऱ्या सर्टिफिकेट कोर्सेसवर पैसे घालण्याआधी ते एकदा पेन घेऊन वाचा. माझं मत कडवट वाटेल, पण त्यातल्या बऱ्याच कोर्सेसमध्ये शब्दसंग्रह मिळतो, काम मिळतं ते कारखान्यात.

रिसायकल्ड कंटेंटबद्दलही सांभाळा. भारतात २०२२ च्या ईपीआर मार्गदर्शक तत्त्वांनी २०२५-२६ साठी रिजिड (कडक) प्लास्टिक पॅकेजिंगमध्ये ३० टक्के, लवचिकमध्ये १० टक्के आणि मल्टिलेयरमध्ये (अनेक थरांच्या) ५ टक्के रिसायकल्ड प्लास्टिकचं लक्ष्य ठरवलं, आणि तेव्हापासून प्रत्येक जण टक्के शोधत फिरतोय. अशा वेळी कोणाला तरी एक्स्ट्रूडरच्या शेजारची ट्रिम दिसते. कडेची पट्टी कापली जाते, दाणे होतात आणि ती पुन्हा त्याच हॉपरमध्ये जाते. ‘हे रिसायकलिंगच की!’ नाही. पर्यावरणविषयक दाव्यांसाठीच्या आयएसओ १४०२१ मानकाच्या व्याख्येत, एखाद्या प्रक्रियेत तयार होऊन त्याच प्रक्रियेत परत वापरता येणारं स्क्रॅप रिसायकल्ड कंटेंट म्हणून धरता येत नाही. ती चांगली काटकसर आहे, खुशाल करा, पण त्या रकान्यात लिहू नका. तिथे आग्रह धरणारा माणूस तुमचा बॉस असेल, तर ईमेलवर उत्तर द्या, तोंडी नको.

युरोपात माल जात असेल तर २०२५/४० क्रमांकाचं पॅकेजिंग नियमन हाताशी असू द्या. त्याची लागू होण्याची तारीख १२ ऑगस्ट २०२६ आहे आणि २०३० पर्यंत, थोडे अपवाद सोडून, सगळं पॅकेजिंग रिसायकल करता येण्याजोगं असावं अशी त्यात अट आहे. दोन वेगळी प्लास्टिकं एकमेकांना चिकटलेली असली की रिसायकल करणं अवघड जातं, म्हणूनच सध्या जो तो पीईटी-पीई लॅमिनेट सोडून पूर्ण पीईकडे वळतोय.

या बदलात एक दिवस तरी ग्राहकाच्या पॅकिंग मशीनसमोर उभे राहा. सादरीकरणात दोन थरांचे रंग बदललेले दिसतात, बास. मशीनवर काय होतं ते बघा. बाहेरचा पीईटी सुमारे २५५ अंशांना वितळतो, आतला पीई साधारण ११० ते १३५ ला. त्यामुळे मशीनचा तापलेला जॉ (पाकिटाची कड दाबणारा जबडा) बाहेरच्या थराला न चिकटवता आतला थर आरामात सील करतो. दोन्ही थर पीई केले की ही मोकळीक संपते. तापमान थोडं वाढवलं तर बाहेरचा थर आकसतो, जॉवर चिकटतो, पाकिटाच्या कडेला सुरकुत्या पडतात; थोडं उतरवलं तर सील उघडतं. लॅबमधल्या सीलरवर जॉ एक सेकंद दाबून धरलेला असतो, तिथे सॅम्पल झकास पास होतं. पॅकिंग लाइनवर त्याच्या कितीतरी कमी वेळ मिळतो. ऑपरेटर मग एकच करतो: स्पीड उतरवतो. स्पीड उतरली की ग्राहकाचा परचेसवाला फोन करतो, आणि तुमचं ‘ग्रीन’ पाऊच पुढच्या ऑर्डरीतून गायब. ताणून मजबूत केलेला पीई बाहेर आणि कमी तापमानाला सील होणारा पीई आत, असा मार्ग आहे आणि तो चालतो. फक्त ट्रायलचा रोल देताना ‘लॅब पास’ एवढ्यावर सही करू नका. ग्राहकाच्या मशीनचा स्पीड आणि ड्वेल टाइम (जॉ दाबून राहण्याचा वेळ) आधी मागून घ्या.

मेंटॉरविषयी. सस्टेनेबिलिटीवर सुंदर बोलणारे भेटतील. ऐका, चहा प्या. पण काम शिकवतील स्लिटरवरचा ऑपरेटर, स्क्रॅप यार्डात वजनकाटा सांभाळणारा माणूस आणि प्लॅनिंगमध्ये बसणारी ती एक व्यक्ती जिला प्रत्येक ग्राहकाची किमान ऑर्डर पाठ असते. माझ्या अंदाजपत्रकातली वेस्टेजची घट का येत नाही, हे मला प्लॅनिंगनेच सांगितलं. ग्रॅव्हिअरवर (कोरलेल्या सिलिंडरने छापणाऱ्या मशीनवर) जॉब बदलला की रंग जुळेपर्यंत काही शे मीटर फिल्म जातेच, ऑर्डर लहान असो की मोठी. विस्ताराच्या काळात सेल्स नवे, लहान ग्राहक आणतं. जॉब बदलणं वाढतं. वेस्टेज टक्क्यांत वाढतं. यात ऑपरेटरचा काय दोष? त्यात नवी लाइन स्थिरावेपर्यंत स्क्रॅप जास्तच निघतं. पहिल्या तिमाहीचा आकडा बघून राजीनामा लिहायला घेऊ नका, मी ड्राफ्टपर्यंत गेले होते.

आणि छतावरचं सोलर. लावा, जरूर लावा, फोटोही चांगले येतात. पण फिल्म किंवा रेझिन (प्लास्टिकचे दाणे) विकत घेणाऱ्या कंपनीचा कार्बन प्रामुख्याने त्या कच्च्या मालात असतो, म्हणजे स्कोप ३ मध्ये. सोलर स्कोप २ ला हात लावतं. पॅनेलमुळे किती टक्के घट झाली असं विचारलं, तर ‘कशाच्या किती टक्के?’ हा प्रश्न आधी विचारा. लोक चिडतील. चिडू देत.

नवी लाइन अजून यायची असेल तर एक काम याच आठवड्यात करा. प्रोजेक्टच्या माणसाला गाठून त्या लाइनला स्वतंत्र वीज मीटर, हवेच्या पाइपवर फ्लो मीटर आणि सॉल्व्हेंट जॉबनुसार मोजायची सोय ड्रॉइंगमध्ये घालून घ्या. केबल टाकण्याआधी हे सांगितलं तर खर्च किरकोळ असतो आणि कोणी फारसं अडवत नाही. लाइन सुरू झाल्यावर मीटर बसवायला शटडाउन मागितलात, तर प्रॉडक्शन मॅनेजर तारीख देतो, ती तारीख पुढे जाते, आणि तोवर सगळी वीज जुन्या मीटरवरून अंदाजाने वाटली जाते.