बिनशिवणीचं लोकरी पाकीट घरच्या घरी कसं करावं

लोकर ओली करा, साबण लावा, चोळा, झालं. फेल्टिंग, म्हणजे न विणता लोकरीचे तंतू एकमेकांत गुंतवून जाड कापड करणं, शिकवणारे बहुतेक जण एवढ्यावर आटपतात, आणि खरी गोम असते ती नेमकी त्या चोळण्यात. तिथे कोणी दोन वाक्यांपेक्षा जास्त थांबत नाही, म्हणून हा लेख.

पहिलं काम म्हणून मी चष्म्याचं पाकीटच करायला सांगते. भेट म्हणून ते कोणालाही चालतं, आजोबांना आणि कॉलेजच्या पोरीलाही. लोकर लागते वीस-पंचवीस ग्रॅम. आणि हे एकदा जमलं की मोबाइलचं पाकीट, बटवा, घरात घालायच्या सपाता यांत वेगळं शिकण्यासारखं फारसं उरत नाही, फक्त आकार बदलतो.

लोकर

विणकामाच्या दुकानात लोकर म्हणून जे रंगीत गुंडे मिळतात त्यातले बरेचसे ॲक्रिलिकचे असतात. ॲक्रिलिक जन्मभर चोळलंत तरी त्याचं फेल्ट होणार नाही. शंका असेल तर एक धागा चिमट्यात धरून जाळून बघा. मेंढीच्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो, काडी बाजूला केली की ती विझते आणि राख बोटांत चुरते. ॲक्रिलिक वितळतं आणि त्याचा काळा कडक मणी होतो. खरी लोकर असूनही तिच्यावर 'मशीनमध्ये धुता येते' असं छापलेलं असेल तर तीही परत ठेवा. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. ओलावा, साबण आणि ऊब मिळाली की ते उघडतात, हलवाहलवीत तंतू एकमेकांत सरकतात आणि त्यांना मागे फिरता येत नाही. मशीनमध्ये टिकणाऱ्या लोकरीचे हे खवले मुद्दाम बोथट केलेले असतात किंवा झाकलेले असतात, त्यामुळे आपल्या कामाला ती निरुपयोगी.

घ्यायची ती मेरिनो मेंढीची मऊ लोकर, धुऊन-पिंजून लांब पेळूसारखी केलेली. सोलापुरात मला ती दुकानात मिळालेली नाही, ऑनलाइन मागवते.

मग सांगोला-मंगळवेढ्याकडच्या आपल्या मेंढ्यांची लोकर का नको, हे कोणीतरी विचारतंच. नको असं कुठं म्हटलं? पण दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, केसाळ. घोंगडीला ती शोभते, कारण घोंगडीला ऊनपाऊस सोसायचा असतो. नुसत्या तिचं पाकीट करायला गेलात तर हात भरून येतील आणि वर केस उभे राहतील ते राहतीलच. मी ती मधल्या थरांत घालते: आतला आणि बाहेरचा थर मेरिनोचा, मधले दोन दख्खनीचे. त्याने पाकिटाला जो ताठपणा येतो तो नुसत्या मेरिनोने येत नाही, आणि महाग लोकर निम्मी वाचते. धनगरमामांकडून घेणार असाल तर जावळाची, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीची मागा. त्यातल्या त्यात ती मऊ. मात्र ही कच्ची लोकर मेणचट असते. चांगल्या गरम साबणपाण्यात ती बुडवून नुसती ठेवा. ढवळू नका, ढवळलीत तर बादलीतच तिचा गठ्ठा होईल. दोन-तीनदा पाणी बदला, प्रत्येक पाणी आधीच्या इतकंच गरम. सावलीत वाळवा आणि कुत्र्याचे केस विंचरायच्या तारेच्या दोन ब्रशांनी पिंजा.

पाणी

याच्याबद्दल मी पाहिलेल्या परदेशी व्हिडिओत अवाक्षर नसतं. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. त्यात अंगाचा साबण घातला की फेस येण्याऐवजी पांढरट साका धरतो, तो लोकरीवर बसतो आणि तंतू चिकट, निर्जीव होतात. बाटलीत थोडं पाणी आणि साबणाचा चुरा घालून हलवा. फेस टिकला तर पाणी चालेल. साका दिसला तर पिण्याचं आरओचं पाणी घ्या. आरओच्या दुसऱ्या नळीतून पडणारं टाकाऊ पाणी घेऊ नका, त्यात क्षार उलट वाढलेले असतात. पावसाचं साठवलेलं पाणी उत्तम, आणि एसीच्या नळीखाली बादली ठेवलीत तर तेही उत्तम. एका पाकिटाला लागतं दोन-अडीच लिटर, त्यामुळे पाणी चार दिवसांआड येत असलं तरी अडत नाही.

मऊ पाणी अजिबातच नसेल तर भांडी घासायचं लिक्विड वापरा, लिटरला अर्धा चमचा. ते जड पाण्यातही साका धरत नाही. शाम्पू नको, त्यातून कंडिशनरवाला तर नकोच. कंडिशनरचं कामच खवले बसवायचं.

साचा आणि थर

फेल्ट आटतं. तयार पाकीट 18 बाय 9 सेंटिमीटर हवं असेल तर साचा दीडपट, 27 बाय 13.5 कापा. पॅकिंगच्या पातळ फोमचा किंवा जाड प्लॅस्टिकचा, कोपरे गोल.

लोकर कात्रीने कापायची नाही. पेळू दोन हातांत वीतभर अंतरावर धरा आणि ओढा, पातळ झुपका सुटून येतो. साच्याच्या एका बाजूला चार पातळ थर, पहिला उभा, दुसरा आडवा, पुन्हा उभा, पुन्हा आडवा. लोकर कडेबाहेर दोन बोटं जाऊ द्या. उजेडाकडे तोंड करून कुठे विरळ दिसतंय का ते आत्ताच पाहून घ्या. दुसरी बाजू पुढच्या टप्प्यात लागेल.

पहिली वीस मिनिटं

सगळं बिघडतं ते इथे. माझेही हात सर्वांत जास्त दिवस इथेच अडखळले.

लोकर रचलेली आहे, तंतू अजून एकमेकांना धरून नाहीत. या अवस्थेत जोर लावला की थर एकमेकांवरून सरकतात. एका ठिकाणी गोळा होतो, शेजारी भोक पडतं, मध्ये वळ्या उठतात. आणि वळी एकदा घट्ट झाली की ती कायमची. नंतर कितीही चोळा, ती आणखी पक्की होत जाते. म्हणून पहिली वीस मिनिटं हात दाबायचा नाही, टेकवायचा. बाळाची टाळू भरताना जेवढा हात चालतो तेवढाच. याहून जास्त जोर लावणाऱ्याला मी लोकरीला हात लावू देत नाही.

पाणी कोमट असू द्या, हात आरामात बुडेल इतपत. 'उकळतं पाणी ओता, लवकर होतं' हा सल्ला देणाऱ्याने पाकीट कापून आतून पाहिलेलं नसतं. कडक पाण्याने वरची त्वचा आधी आवळते, आतले थर सुटेच राहतात. वरून छान दिसतं आणि महिन्याभरात पापुद्रे सुटू लागतात.

रचलेल्या लोकरीवर मच्छरदाणीचा तुकडा पसरा. साबणपाणी मधून शिंपडत कडेकडे जा आणि तळव्याने वरून खाली टेकत हवा बाहेर काढा. लोकर चपटी होऊन गडद दिसली पाहिजे; फिक्का फुगवटा दिसला तर तिथे कोरडं आहे. मग हाताला थोडा साबण लावून जाळीवरून लहान लहान गोल फिरवा. दर मिनिटाला जाळी उचला, नाहीतर तंतू जाळीतूनच वर येतात आणि उचलताना अर्धा थर तिच्यासोबत निघतो.

साबण किती, हे बोटांना कळतं. हात लोकरीवरून घसरला पाहिजे, पण फेसाचे डोंगर दिसता कामा नयेत. फार फेस झाला की तंतू एकमेकांपासून लांब तरंगतात आणि तासभर चोळूनही काही होत नाही. टॉवेलने फेस टिपा, साधं कोमट पाणी शिंपडा, पुढे चला. उलट हाताला लोकर चिकटून उचलली जात असेल तर साबण कमी आहे.

आता सगळं उलटं करा, बाहेर आलेल्या ओल्या कडा साच्यावर घट्ट ओढून दुमडा आणि त्या बाजूला तसेच चार थर रचा. ओलं करा, उलटा, कडा दुमडा. यापुढे कडेला हात नेहमी बाहेरून आत. आतून बाहेर चोळलंत तर साच्याच्या धारेवर लोकरीची झालर उभी राहते, आणि नंतर ती दोन्ही बाजूंना शिवणीसारखी दिसते. बिनशिवणीचं पाकीट करून त्यावर शिवण उमटवायची असेल तर गोष्ट वेगळी.

दोन्ही बाजूंना दहा-दहा मिनिटं झाली की जाळी काढा आणि चिमटीत वरची लोकर उचलून बघा. सुटे केस वर आले तर अजून तोच हलका हात. चिमटीबरोबर सगळा थर कातडीसारखा उचलला गेला की झालं, आता जोर लावायला मोकळे. ही चिमूट माझ्या मते घड्याळापेक्षा खरी, कारण मेरिनो पटकन धरते आणि दख्खनी मिसळलेली सावकाश.

चिमूट जमली की एका अरुंद टोकाला कात्रीने तोंड कापा आणि साचा काढा. बरेच जण साचा शेवटपर्यंत आत ठेवतात. लोकर आटते, साचा आटत नाही, तो आत दुमडतो आणि तिथे चरा पडतो. साचा निघाला की हात आत घालून जुन्या कडा मध्यभागी आणा, म्हणजे पाकीट नव्या घडीवर सपाट होईल, आणि त्या कडांच्या रेषेवर पाच मिनिटं चोळा. रेषा बोटाला लागेनाशी झाली पाहिजे. कापलेल्या तोंडालाही साबणाचं बोट फिरवा, धार मिटून गोलसर होते.

लाटणं आणि टॉवेल

यासाठी सोलापुरी टॉवेलच घ्या. त्याचे फासे लोकरीला धरतात, गुळगुळीत कापड नुसतं घसरतं. जुना असेल तर आणखी बरा. पाकीट टॉवेलवर ठेवा, लाटण्याभोवती टॉवेलसकट गुंडाळा आणि पुढे-मागे लाटा. पन्नास वेळा झालं की उलगडा, पाकीट चौथाई वळवा, पुन्हा. ज्या दिशेला लाटाल त्या दिशेला ते आटतं, हे लक्षात ठेवलं की आकार तुमच्या हातात. लांबी जास्त वाटली तर लांबीच्या दिशेने लाटा. आता पाणी आणखी गरम चालेल आणि मोरीच्या फरशीवर आपटलंत तरी चालेल. फूटपट्टी जवळ ठेवा. 18 बाय 9 आलं की थांबा. आटलेलं मागे येत नाही. चष्मा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून एकदा आत सरकवून बघा.

वॉशिंग मशीनचा मार्ग बटव्याला चालेल, पाकिटाला नको. तुम्ही इकडे आकार मोजताय आणि ते तिकडे गठ्ठा होऊन बसलंय, असं होतं.

साबण जाईपर्यंत साध्या पाण्याने धुवा. शेवटच्या बादलीत चमचाभर पांढरं व्हिनेगर घाला, राहिलेला साबण मरतो. टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा, पिळू नका, हाताने ओढून आकार द्या, सावलीत वाळवा. एप्रिल-मेमध्ये सकाळी ठेवलेलं संध्याकाळी कोरडं. गड्ड्याच्या दिवसांत, म्हणजे जानेवारीत सोलापूरची जत्रा भरते तेव्हा, दीड दिवस धरा.

नक्षी, राखी, तोरण

नक्षी फेल्टिंगच्या खास सुईने करतात. तिच्या कडांना खाचा असतात, त्या तंतू खाली ढकलतात. 38 नंबरची घ्या. पाकिटात फोमचा तुकडा सरकवा, रंगीत लोकर ठेवा आणि सुई जशी सरळ घातली तशी सरळ काढा. आत असताना कलली की मोडते. नजर सुईवर, मोबाइलवर नाही. बोटात शिरली तर खाचांसकट शिरते.

राखीची किंवा तोरणाची गोळी करायला ग्रॅमभर लोकर घट्ट गुंडाळून साबणाच्या पाण्यात बुडवा आणि तळहातात फिरवा, दोन सेंटिमीटरची होते. इथेही सुरुवातीला हलका हात. आधीच दाबलीत तर भेग पडते आणि ती आत जाते. भेग दिसली तर गोळी टणक व्हायच्या आत तिच्यावर लोकरीचा पातळ झुपका आडवा बसवा. आतला गाभा दख्खनीचा, वर मेरिनो रंगीत. दोऱ्यासाठी साध्या सुईने आरपार भोक गोळी ओली असतानाच पाडून ठेवा, वाळल्यावर सुई पक्कडीने ओढावी लागते.

करून ठेवायचं असेल तर पूर्ण वाळवून, हवाबंद डब्यात. कसर मळलेल्या लोकरीला आधी लागते, त्यामुळे कडुलिंबाचा पाला ठेवा हवं तर, पण स्वच्छ धुतलं असेल तरच त्याचा उपयोग. आणि भेट देताना सोबत चिठ्ठी घाला: गार पाण्यात हाताने धुणे, मशीन नाही, गरम पाणी नाही. नाहीतर घेणारे काका कौतुकाने ते गरम पाण्यात टाकतील आणि पुढच्या वेळी भेटल्यावर चष्मा आत जात नाही म्हणतील.