हम्पवर पडलेल्या विमानाचा तुकडा सापडला तर ते विमान नेमकं कुठलं हे कसं शोधायचं

अरुणाचलला ट्रेक करून आलेल्यांचे फोटो हल्ली बरेच दिसतात, जंगलात शेवाळ धरलेला प्रोपेलर नाहीतर चेपलेला पत्रा आणि खाली कॅप्शन 'दुसऱ्या महायुद्धातलं विमान'. बरं, पण कुठलं? आत कोण होतं? हे बऱ्याचदा शोधता येतं, आणि अर्ध्याहून जास्त काम घरी बसून होतं.

आधी थोडक्यात. १९४२ मध्ये जपान्यांनी बर्मा घेतला, चीनला जाणारा रस्ता बंद पडला, मग अमेरिकन विमानं चबुआ, दिनजान, मोहनबारी, जोरहाट अशा आसामातल्या तळांवरून डोंगर ओलांडून चीनमधल्या कुनमिंगला माल न्यायला लागली. याच रूटला हम्प म्हणायचे. १९४५ पर्यंत साधारण साडेसहा लाख टन माल गेला आणि शेकडो विमानं पडली, जपान्यांपेक्षा बर्फ, वारा आणि ढगांनीच जास्त घेतली.

तर पहिलं काम कागदाचं. विमान बेपत्ता झालं की अमेरिकन हवाई दल एक रिपोर्ट भरायचं, मिसिंग एअर क्रू रिपोर्ट, शॉर्टमध्ये 'एमएसीआर'. त्यात विमानाचा सिरियल नंबर, निघाले कुठून, चालले कुठे, शेवटचा रेडिओ संपर्क कधी, हवामान कसं होतं, क्रूची नावं, आणि लोक नेमकं जे पान उलटून पुढे जातात ते, म्हणजे इंजिनांचे आणि मशीनगनचे नंबर. हे रिपोर्ट अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्हजच्या साइटवर फुकट बघता येतात. अडचण एवढीच की ही पद्धत १९४३ मध्ये सुरू झाली, त्यामुळे १९४२ च्या अपघातांसाठी अपघाताचे रिपोर्ट आणि युनिटच्या डायऱ्या चाळाव्या लागतात. विमान ब्रिटिश असेल तर लंडनमधल्या क्यूच्या आर्काइव्हजमध्ये स्क्वाड्रनच्या नोंदी आहेत.

नकाशा आजचा घेऊ नका. जुन्या कागदांत आदी जमातीच्या भागाला अबोर हिल्स म्हटलेलं असतं आणि गावांची स्पेलिंगं वाटेल तशी. १९५० च्या दशकातले अमेरिकन आर्मीचे अडीच लाख स्केलचे भारताचे नकाशे टेक्सस युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीने ऑनलाइन ठेवलेत, ते घ्या आणि त्याच्यावर आजची गावं बसवा.

प्रत्यक्ष जायचं तर इनर लाइन परमिट (बाहेरच्यांना अरुणाचलमध्ये शिरायचा सरकारी परवाना) लागतंच, आणि आधी गावबुढ्याला, म्हणजे गावच्या प्रमुखाला भेटा, त्याला डावलून जंगलात शिरू नका. विमान कुठे पडलंय हे तिथल्या शिकाऱ्यांना माहीत असतं. आणि गावात विचारा की कोणाकडे विमानाचा पत्रा आहे का, कारण बरंचसं अ‍ॅल्युमिनियम केव्हाच घरी येऊन त्याची भांडी झालीत, एखाद्यावर नंबर अजून असतो.

आता मुख्य गोष्ट, जिथे सगळे गंडतात. तुकड्यावर नंबर दिसला की लोक खूश होतात, विमान सापडलं! नाही सापडलं. बहुतेक वेळा तो पार्ट नंबर असतो. गाडीच्या स्पेअर पार्टवरचा नंबर आणि चेसिस नंबर यात जो फरक आहे तोच इथे. पार्ट नंबर ३२ ने सुरू होत असेल तर बी-२४ या बॉम्बरच्या कुटुंबातलं विमान, २०- ने असेल तर मालवाहू सी-४६, ८७- असेल तर लढाऊ पी-४० असा अंदाज बांधता येतो, पण त्या प्रकारातलं नेमकं कुठलं विमान हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी डेटा प्लेट (विमानावर ठोकलेली माहितीची पट्टी), शेपटीवरचा नंबर नाहीतर इंजिनाचा सिरियल लागतो. विमानाच्या सिरियल नंबरात आधी साल असतं, शेपटीवर त्या सालाचा पहिला आकडा आणि डॅश गाळतात, म्हणजे ४२-७३३०८ हे विमान असेल तर शेपटीवर २७३३०८. आणि 'अल्क्लॅड', 'अल्कोआ' असं छापलेलं दिसलं तर ते पत्रा बनवणाऱ्याचं आहे, त्यावर फार नाचू नका.

नंबर वाचायला घासायचं अजिबात नाही, ब्रश नाही, लिंबू-बिंबू तर नाहीच, उरलेली शाईही जाते. टॉर्च अगदी आडवी धरा, पत्र्याला टेकवल्यासारखी, की ठोकलेले आकडे सावलीने उठून येतात, मग शेजारी पट्टी ठेवून फोटो. पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल फिरवली तरी चालतं.

नंबरच नसेल तर इंजिनाचे सिलेंडर मोजा. दोन ओळीत सात-सात म्हणजे चौदा असतील तर मालवाहू सी-४७ किंवा बी-२४, नऊ-नऊ म्हणजे अठरा असतील तर बहुतेक सी-४६. चौदावाल्याला टर्बो जोडलेला असेल तर बी-२४ कडे झुका. पण सी-८७ हे बी-२४ चंच मालवाहू रूप, पार्ट जवळपास तेच, तेव्हा गन टरेट (मशीनगनचा फिरता घुमट) आहे का ते बघा, असेल तर बी-२४. नुसत्या काडतुसांवरून बॉम्बर ठरवू नका, मालवाहू विमानं दारूगोळाच तर नेत होती.

वर दिलेला ४२-७३३०८ नंबर खराच आहे. 'हॉट अ‍ॅज हेल' नावाचं बी-२४, २५ जानेवारी १९४४ ला कुनमिंगहून चबुआला निघालं, आत आठ जण, आणि वाटेत गायब. अवशेष २००६ मध्ये अप्पर सियांगमध्ये डामरोजवळ सापडले.

काडतूस, बॉम्ब, फ्यूजसारखं काही दिसलं तर हात न लावता मागे फिरा, जिवंत काडतूस जवळ ठेवणं हा आर्म्स अ‍ॅक्टखाली गुन्हा आहे. अंधारात चमकणाऱ्या जुन्या डायलना रेडियमचा रंग असायचा, ते उघडू नका, खिशात तर मुळीच नको.

आणि हाड, बूट, ओळखपट्टी दिसली की काम तिथेच थांबवा. काही उचलू नका, जीपीएस घ्या, लांबून फोटो काढा, जिल्हा प्रशासनाला कळवा आणि अमेरिकन विमान असेल तर त्यांच्या बेपत्ता सैनिक शोधणाऱ्या 'डीपीएए' या संस्थेला. डीएनएवरून ओळख पटवायची तर कुठली वस्तू कुठे पडली होती हे त्यांना लागतं. 'हॉट अ‍ॅज हेल'च्या जागेवरच्या अस्थी अमेरिकेकडे २०१६ मध्ये सुपूर्द झाल्या, म्हणजे सापडल्यापासून दहा वर्षांनी, तेव्हा मेल टाकून आठवड्यात उत्तर नाही आलं म्हणून कोऑर्डिनेट्स फेसबुकवर टाकत सुटू नका, भंगारवालेही फेसबुक वाचतात.