महिला कारागृहात भजन-प्रवचनाचा कार्यक्रम घ्यायचा असेल तर

येरवडा किंवा भायखळ्यासारख्या कारागृहाच्या महिला विभागात भजन, प्रवचन किंवा ध्यानवर्ग घेऊ इच्छिणाऱ्या मंडळांनी अधीक्षकांकडे लेखी अर्ज करावा आणि प्रसाद वा पुस्तके न्यायची असल्यास तीही परवानगी आधीच मागून घ्यावी. हे सोपस्कार कोणालाही जमतात; समोर कोण बसणार आहे याचा विचार मात्र फारसा होत नाही.

देशातील बंद्यांमध्ये स्त्रिया साधारण चार टक्के आहेत आणि त्यांतील बहुसंख्य न्यायाधीन बंदी आहेत, म्हणजे त्यांच्यावरील गुन्हा अद्याप सिद्धच झालेला नाही. त्यामुळे पाप, प्रायश्चित्त आणि पूर्वकर्म हे विषय सरळ वगळावेत. जामीन मंजूर होऊनही जामीनदार न मिळाल्यामुळे आत राहिलेल्या बाईला ‘भोग भोगूनच संपवावे लागतात’ असे ऐकवणे म्हणजे तिच्या गरिबीचे खापर तिच्याच नशिबावर फोडणे होय. ज्यांच्या जमातीवरचा जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का १९५२ साली कायद्याने पुसला, पण पोलीस ठाण्यातील संशयाने पुसला नाही, त्या पारधी स्त्रियांसमोर तर हे बोलणे क्रूरच ठरते.

दुसरी काळजी जातीची. कारागृह नियमावल्यांतील जातीवर आधारित कामवाटप, म्हणजे स्वयंपाक एका जातीकडे आणि सफाई दुसरीकडे, सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवले आणि नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढण्याचा आदेश दिला. नियम बदलला तरी सवय टिकते, आणि ती नेमकी पूजेच्या वेळी डोके वर काढते. म्हणून आडनाव विचारू नये. आरती कोण करणार, प्रसाद कोण वाटणार आणि नंतर जागा कोण झाडणार, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे.

ज्यांना कोणी मुलाखतीला येत नाही, घरून मनीऑर्डर येत नाही, त्या स्त्रिया साबण-तेलाच्या आशेनेही कार्यक्रमाला बसतात. म्हणून असे साहित्य द्यायचेच असेल तर ते प्रशासनामार्फत, वेगळ्या दिवशी, मुस्लिम, बौद्ध, ख्रिस्ती आणि न येणाऱ्या अशा सर्वांना सारखे द्यावे. उपस्थितीची यादी वर्तणुकीचा दाखला म्हणून प्रशासनाला देऊ नये. सहा वर्षांपर्यंतची मुले आईबरोबर आत राहू शकतात. ती समोर असतील तर नरकयातनांच्या कथा नकोत.

शक्य असल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांनाही त्याच भेटीत बोलवावे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार स्त्रियांना आणि कोठडीतील व्यक्तींना मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या न्यायाधीन बंदीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ खाली सुटकेचा मार्ग खुला होतो. फाशी वा जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक प्रलंबित खटले याला अपवाद आहेत. या माहितीसाठी प्रवचनातील निम्मा वेळ द्यावा लागला तरी बेलाशक द्यावा.