वारसा समितीपुढे जाण्याआधी: जुन्या इमारतीच्या दुरुस्तीची पूर्वतयारी

मुंबईत वारसा यादीतल्या इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीचा प्रस्ताव महापालिकेकडे दाखल झाला, की तो मुंबई वारसा संवर्धन समितीपुढे, म्हणजे बोलण्यात सगळे ज्याला हेरिटेज कमिटी म्हणतात त्या मंडळापुढे, विचारासाठी जातो. समितीला एका बैठकीत अनेक प्रस्ताव पाहायचे असतात आणि प्रत्येक इमारत प्रत्येक सदस्याने आतून पाहिलेली असतेच असे नाही. त्यांच्यासमोर असतात ते आपण दिलेले नकाशे, छायाचित्रे आणि अहवाल. जिन्याचा कोरीव कठडा आपल्या कागदांत आलाच नाही, तर तो जपण्याची अट परवानगीत कुठून येणार? समिती इमारतीचे रक्षण करते हे खरे, पण ती रक्षण करू शकते ते नोंदलेल्या गोष्टींचेच, आणि ती नोंद करणे मालकाच्या, भाडेकरूंच्या व त्यांच्या वास्तुविशारदाच्या हाती असते. पुढील तयारी त्या दृष्टीने सांगितली आहे.

सर्वांत आधी आपली इमारत यादीत नेमकी कुठे आहे ते लेखी स्वरूपात मिळवावे. मुंबईची वारसा नियमावली १९९५ मध्ये विकास नियंत्रण नियमावलीचा ६७ वा नियम म्हणून लागू झाली. आज तिची जागा २०१८ पासून अमलात असलेल्या विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीतील ५२ व्या नियमाने घेतली आहे. यादीत इमारतींना श्रेणी दिलेल्या आहेत. श्रेणी १ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, गेटवे ऑफ इंडिया, राजाबाई टॉवर अशा वास्तू येतात आणि तिथे इमारतीचे आयुष्य वाढवण्यासाठी अत्यावश्यक असलेल्या कामापलीकडे आत किंवा बाहेर बदलाला वाव नसतो. श्रेणी २-अ मध्ये आतील बदल आणि नवा वापर तपासणीनंतर मान्य होऊ शकतो. २-ब मध्ये त्याशिवाय मूळ इमारतीशी मेळ राखणारे वाढीव बांधकाम काही परिस्थितीत मान्य होते. श्रेणी ३ मध्ये सूट त्याहून अधिक. याखेरीज कित्येक इमारतींना स्वतंत्र श्रेणी नसते, पण त्या वारसा परिसरात येतात. गिरगावातली खोताची वाडी किंवा माझगावची म्हातारपाखाडी ही त्याची उदाहरणे. आपली इमारत एकट्याने यादीत आहे की परिसराचा भाग म्हणून, हे न तपासता वास्तुविशारद नेमला, तर पहिले काही महिने चुकीच्या गृहीतकावर जातात. यादीतील अनुक्रमांक, सी. एस. क्रमांक (भूखंडाचा नगर भूमापन क्रमांक) आणि मालमत्ता पत्रकावरील क्रमांक एकमेकांशी जुळतात का तेही याच वेळी पाहावे. जुन्या मुंबईत रस्त्यांची नावे बदलली, भूखंडांचे तुकडे पडले, आणि यादीतले नाव व दारावरचे नाव वेगळे असण्याचे प्रसंग पुष्कळदा येतात.

इमारत उपकरप्राप्त असल्यास, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी भाड्याची इमारत असल्यास, आणखी एक पायरी आहे. १९९९ च्या फेरबदलाने श्रेणी ३ मधील व वारसा परिसरांतील उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासाला समितीच्या परवानगीतून मोठी सूट मिळाली, आणि त्याचा फटका दक्षिण मुंबईतल्या अनेक गल्ल्यांना बसला असे माझे स्पष्ट मत आहे. दुरुस्तीच करायची असेल, तर म्हाडाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाशी पत्रव्यवहार आधी सुरू करावा, कारण मंडळाचे कंत्राट आणि समितीच्या अटी नंतर जुळवणे फार कठीण जाते.

त्यानंतर कोणत्या कामाला परवानगी लागते ते रहिवाशांना बैठक घेऊन समजावून सांगावे. १९९५ च्या नियमातच दुरुस्ती, फेरफार आणि विशेष वैशिष्ट्ये बदलणे यांच्याबरोबर रंगकामाचाही उल्लेख आहे. लोकांना हे ठाऊक नसते. एखादे कुटुंब दिवाळीआधी आपल्या गॅलरीचे सागवानी खांब तैलरंगाने रंगवून टाकते, तळमजल्यावरचा दुकानदार कमानीवर चकचकीत पत्र्याची पाटी ठोकतो, आणि मग समितीपुढे सारी सोसायटी नियमभंग करणारी ठरते. यादीत नाव आले म्हणजे इमारत विकता येत नाही असाही एक समज आहे. तो चुकीचा आहे. मालकी बदलू शकते, मात्र वापर बदलायचा असेल तर आधी मान्यता घ्यावी लागते. २०१२ मध्ये महापालिकेने वाढीव यादी प्रसिद्ध केली तेव्हा शिवाजी पार्कसारख्या भागांतून ज्या हरकती आल्या, त्यांच्या मुळाशी घर आपल्या हातून जाईल ही भीती होती. ती भीती थट्टेवारी न नेता नियमाची मूळ वाक्ये वाचून दाखवावीत, आणि कोणी काय शंका काढली ते इतिवृत्तात लिहावे.

मालकीची कागदपत्रे गोळा करताना जमीन कोणाची हा प्रश्न विसरू नये. बॅलार्ड इस्टेटसारख्या भागात जमीन बंदर प्राधिकरणाची व इमारत भाडेपट्ट्यावर असते. काही ठिकाणी भूखंड महापालिकेचा किंवा शासनाचा असतो. भाडेपट्टा देणाऱ्याचे ना हरकत पत्र सर्वांत जास्त वेळ खाते, म्हणून ते सर्वांत आधी मागावे. पागडीच्या इमारतीत भाडेकरूंची संमतीपत्रेही जोडावीत.

इमारतीचा इतिहास शोधण्याला अनेकजण शोभेचे काम समजतात. प्रत्यक्षात मूळ काय आणि नंतरचे काय हे ठरवण्यासाठी समितीला तोच आधार असतो. १८७२ च्या सुमारास पूर्ण झालेल्या लॉफ्टन सर्वेक्षणाच्या, म्हणजे मुंबईच्या जुन्या जमीनमोजणीच्या, पत्रकांवर भूखंडाची आखणी दिसते. एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागारात शासकीय वास्तूंची कागदपत्रे आढळतात. १८९८ मध्ये, प्लेगनंतर स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने आखलेल्या वसाहतीत आपली इमारत असेल, तर त्या काळचे भाडेपट्टे व नकाशे कुठे आहेत याची चौकशी करावी. घरातल्या जुन्या लग्नाच्या आणि मुंजीच्या छायाचित्रांनाही यात मोठे मोल आहे, कारण मंडळी गॅलरीत उभी राहिलेली असतात आणि त्यांच्या मागे मूळ कठडा, मूळ झडपा, मूळ कौले स्पष्ट दिसतात. मला परिचित असलेल्या एका वाडीत दर्शनी लाकडी जाळीचा मूळ नमुना असाच एका मुंजीच्या फोटोतून सापडला आणि सुताराला तोच मोजून देता आला.

आता नकाशे. आजच्या स्थितीचे प्रत्यक्ष मापन करून काढलेले तळनकाशे, दर्शनी रेखांकने आणि छेद लागतील; महापालिकेत पूर्वी मंजूर झालेल्या नकाशाची प्रत त्याला पर्याय नाही, कारण भिंतीची खरी जाडी, झुकलेली तुळई किंवा मधल्या काळात घातलेला पोटमाळा त्यात नसतो. सर्वसाधारण रेखांकने १:१०० ला आणि खिडकी, कठडा, कंस, कळस असे तपशील १:२० किंवा १:१० ला काढून घ्यावेत. छायाचित्रांना क्रमांक द्यावेत आणि प्रत्येक छायाचित्र कुठून, कोणत्या दिशेने घेतले ते तळनकाशावर बाणाने दाखवावे. मग त्याच दर्शनी रेखांकनावर दोषांचा नकाशा करावा: ओल एका रंगात, भेगा दुसऱ्या रंगात, पिंपळाची रोपे तिसऱ्या, सिमेंटचे जुने ठिगळ चौथ्या. असा एक कागद दहा पानी वर्णनाचे काम करतो. ओलीची पाहणी शक्यतो जुलैत करावी. फेब्रुवारीत कोरडी ठणठणीत दिसणारी भिंत पावसाळ्यात कुठल्या पन्हळीपासून भिजायला लागते, हे तेव्हाच कळते, आणि दुरुस्ती भिंतीची करायची की फक्त पन्हळीची हा लाखो रुपयांचा प्रश्न त्यावर ठरतो.

संरचनात्मक तपासणी कोणाकडून करून घ्यायची, यावर सोसायटीने सर्वांत जास्त विचार करावा. तीस वर्षांवरील इमारतींना ही तपासणी कायद्यानेच करावी लागते आणि तिचा निष्कर्ष सी-१ म्हणजे अतिधोकादायक असा आला, तर इमारत रिकामी करून पाडण्याची प्रक्रिया सुरू होते. रीबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक यांसारख्या नेहमीच्या चाचण्या मुख्यतः काँक्रीटसाठी बनलेल्या आहेत. चुन्यात बांधलेली दगडी भिंत, सागवानी चौकट, लोखंडी तुळयांमधल्या विटांच्या कमानीची जमीन, यांची ताकद त्यांनी ठरत नाही. म्हणून भारवाहक भिंती व लाकूडकाम यांचा अनुभव असलेला अभियंता शोधावा आणि त्याच्या अहवालात तुळईची टोके उघडून पाहिल्याची, वाळवीच्या तपासणीची, भेगांवर काच किंवा मापपट्टी बसवून काही महिने ठेवलेल्या निरीक्षणाची नोंद आहे ना ते पाहावे. दोन अहवाल परस्परविरोधी असतील, तर महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे प्रकरण नेता येते. काळाघोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे १८६० च्या दशकात इंग्लंडहून आणलेल्या ओतीव लोखंडाच्या सांगाड्यावर उभे राहिलेले वॉटसन हॉटेल, याच पेचात सापडले. श्रेणी २-अ असूनही अनेक दशके देखभाल झाली नाही, २००५ मध्ये काही भाग कोसळला, २०१९ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने रहिवासी बाहेर पडले, आयआयटी मुंबईच्या अहवालाने पाडण्याची शिफारस केली आणि इन्टॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेसह संवर्धनतज्ज्ञांनी ती वाचवता येईल अशी भूमिका घेतली. ज्या इमारतीत १८९६ मध्ये ल्युमिए बंधूंची चलच्चित्रे भारतात प्रथम दाखवली गेली, तिच्यावर ही वेळ आली. यादीतले नाव छप्पर शाकारत नाही.

दुरुस्तीच्या साहित्याचे विवरण हा प्रस्तावाचा गाभा आहे आणि तो कंत्राटदाराच्या दरपत्रकातून उतरवून घेऊ नये. मुंबईच्या जुन्या इमारती मालाडचा पिवळसर दगड, कुर्ल्याचा दगड, काळा बेसाल्ट, पोरबंदरचा चुनखडक आणि चुन्याने भरलेले सांधे यांवर उभ्या आहेत. चुन्याची भिंत ओल शोषते आणि हवा मिळाली की सोडून देते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला, की ओलीला बाहेर पडायला वाट राहत नाही. ती दगडात साठते, क्षारांचे स्फटिक पृष्ठभागाच्या आत वाढतात आणि काही वर्षांत दगडाचा दर्शनी पापुद्राच सुटून येतो. त्या वेळी दोष दगडाला दिला जातो. म्हणून सांधे भरणे व गिलावा चुन्याचाच राहील, चुना किती दिवस भिजवणार, वाळू व विटांची भुकटी कोणत्या प्रमाणात, गूळ, मेथी किंवा बेलफळ यांचे पाणी वापरणार का, हे सारे प्रस्तावात लिहावे. दगड स्वच्छ करण्यासाठी वाळूचा मारा करणार नाही हे स्पष्ट नोंदवावे. कमी दाबाचे पाणी, मऊ ब्रश आणि डागांसाठी लेप एवढे बहुधा पुरते. दगडावर पूर्वी चढलेला रंग काढायचा असेल तर न दिसणाऱ्या कोपऱ्यात साधारण एक मीटर लांबीरुंदीचा नमुना करून त्याची आधीची व नंतरची छायाचित्रे जोडावीत. शब्दांत केलेल्या दाव्यापेक्षा असा नमुना समितीला निर्णय घेणे सोपे करतो.

मरीन ड्राइव्ह व ओव्हलजवळच्या आर्ट डेको इमारतींची तयारी वेगळी आहे. २०१८ मध्ये व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींचा हा समूह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. इथे साहित्य काँक्रीटचे आहे, शत्रू समुद्राची खारी हवा आणि गंजलेली सळई, आणि जपायच्या गोष्टी म्हणजे वळणदार गॅलऱ्या, लांब छज्जे, ओतीव नामाक्षरे, प्रवेशद्वारातले टेराझोचे नक्षीकाम. प्रत्येक सदनिकेने आपापली अॅल्युमिनियमची सरकती खिडकी बसवली की दर्शनी भाग हरवतो, म्हणून सर्व मजल्यांसाठी एकच खिडकीचे रेखांकन ठरवून तेच प्रस्तावात द्यावे.

समितीवर संवर्धनाचे काम जाणणारे वास्तुविशारद, संरचना अभियंता, शहराच्या इतिहासाचे अभ्यासक आणि शासकीय प्रतिनिधी असतात. ती शिफारस करते; परवानगी महापालिका आयुक्त देतात. अपवादात्मक प्रकरणी आयुक्त शिफारस डावलू शकतात, पण कारणे लेखी नोंदवून, आणि हा अधिकार दुसऱ्या अधिकाऱ्याकडे सोपवता येत नाही. ही तरतूद मला फार महत्त्वाची वाटते, कारण कारण लिहावे लागले की ते तपासताही येते. म्हणून बैठकीच्या इतिवृत्ताची प्रत आवर्जून मागून घ्यावी. सदस्य पाहणीला येणार असतील, तर गच्चीची, पोटमाळ्याची आणि बंद खोल्यांची कुलपे उघडी ठेवावीत. वाढीव मजले नाकारले गेल्यास गमावलेल्या बांधकाम हक्काच्या बदल्यात हस्तांतरणीय विकास हक्काची, म्हणजे दुसऱ्या भूखंडावर वापरता किंवा विकता येणाऱ्या बांधकाम हक्काची (टीडीआर), तरतूद आहे. मालक विरोधात असेल, तर हे त्याला आधीच समजावून द्यावे.

वेळेचे गणित पावसाशी बांधावे. पाहणी पावसाळ्यात, प्रस्ताव त्याच सुमारास, आणि प्रत्यक्ष काम ऑक्टोबर ते मे. चुना घाईने वाळवता येत नाही, आणि मे अखेरीस उघडे पडलेले छप्पर घेऊन परवानगीची वाट पाहणे रहिवाशांना परवडत नाही.

परवानगी हाती आली की तिच्या अटींची मराठी प्रत जिन्याखाली लावावी आणि कंत्राटदाराच्या करारात त्या शब्दशः घालाव्यात. काम चालू असताना मंजुरीबाहेरचे काही निघाले, उदाहरणार्थ गिलाव्याखाली झाकलेली कमान, तर काम थांबवून छायाचित्रांसह कळवावे. शेवटी पूर्णत्वाच्या अहवालाबरोबर चुन्याचे प्रत्यक्ष वापरलेले प्रमाण, लाकूड कुठून आणले, कोणती तुळई बदलली आणि कोणती तशीच ठेवली, यांची वही करून तिची एक प्रत सोसायटीच्या कपाटात, मालमत्ता पत्रकाच्या फाइलशेजारी, ठेवावी.