‘बी’ दाबलं तरी नोड पडेना: एनएस-३मध्ये चालू रनमध्ये कळ कशी वाचायची

निफाडच्या द्राक्षबागेतलं सेन्सर नेटवर्क एनएस-३ या नेटवर्क सिम्युलेटरवर चालवून बघायचं, हा आमचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट. एक्स्टर्नल परीक्षकासमोर ‘बी’ दाबून एक नोड (नेटवर्कमधलं एक यंत्र) पाडून, म्हणजे बंद करून दाखवायचा, एवढीच हौस. मी इव्हेंटच्या (सिम्युलेशनमध्ये ठरलेल्या वेळी घडणाऱ्या घटनेच्या) फंक्शनमध्ये सरळ कीबोर्डवरून वाचणारा सी++चा ‘सीइन’ टाकला आणि गंगापूर रोडच्या रूमवर अर्धी रात्र लॅपटॉप हँग झालाय म्हणून बंद-चालू करत बसलो. हँग कसला! सिम्युलेटर सगळे इव्हेंट एकाच थ्रेडवर (कामाच्या एकाच धाग्यावर) एकामागून एक चालवतो. एक इव्हेंट एंटरची वाट बघत थांबला की मागची रांग खोळंबलीच.

मग दर ०.१ सेकंदाला ‘पोल’ने, न थांबता, कीबोर्ड तपासला. तेही फसलं. एनएस-३चं घड्याळ आपल्या मनगटावरचं नाही. मधे काही घडायचं नसेल तर ते थेट पुढच्या इव्हेंटवर उडी मारतं. माझ्या सिम्युलेशनची ३०० सेकंदं बोट कळेपर्यंत जायच्या आत संपली.

नोडची संख्या वगैरे आधीच ठरत असेल तर या भानगडीत पडूच नका, रन सुरू करतानाच किंमत द्यायला ‘कमांडलाइन’चं ‘ॲडव्हॅल्यू’ वापरा. चालू रनमध्येच कळ हवी असेल तर मेनच्या सुरुवातीला, नोड बनवण्याआधी, ‘ग्लोबलव्हॅल्यू’च्या ‘बाइंड’ने ‘सिम्युलेटरइम्प्लिमेंटेशनटाइप’ला ‘रिअलटाइमसिम्युलेटरइम्पल’ द्या. आता त्याचा सेकंद तो आपला सेकंद. ‘स्टॉप’ची वेळ आठवणीने टाका.

कीबोर्ड वाचायला ‘एफडीरीडर’वरून स्वतःचा क्लास काढा, ‘डूरीड’ लिहा आणि ‘स्टार्ट’ला डिस्क्रिप्टर ० (म्हणजे कीबोर्डचं इनपुट) द्या. हा रीडर वेगळ्या थ्रेडवर चालतो, त्याचा कॉलबॅकसुद्धा (कळ वाचल्यावर बोलावलं जाणारं फंक्शन). म्हणून तिथून नोडला हात लावायचा नाही. मी लावला होता. प्रोग्राम कधी चाले, कधी सेगफॉल्ट होऊन मधेच मरे. कॉलबॅकमध्ये फक्त ‘शेड्यूलविथकाँटेक्स्ट’ला नोडचा आयडी, शून्य डिले आणि आपलं फंक्शन द्यायचं. दुसऱ्या थ्रेडवरून बोलवायला तेच सुरक्षित. नोड पाडायचं काम त्या फंक्शनमध्ये: ‘आयपीव्ही४’चं ‘सेटडाउन’, इंटरफेस १. शून्यावर लूपबॅक (नोडचा स्वतःशीच बोलणारा इंटरफेस) असतो, तो पाडून काहीच दिसत नाही.

एवढं करूनही एंटर मारल्याशिवाय ‘बी’ पोचत नाही, कारण टर्मिनल अख्खी ओळ अडवून धरतं. ‘टीसीसेटॲटर’ने ‘आयकॅनन’ (ओळ पूर्ण होईपर्यंत थांबणं) आणि ‘एको’ (टाइप केलेलं दाखवणं) काढा, जुनं सेटिंग जपून ठेवा आणि शेवटी परत लावा. प्रोग्राम मधेच मेला तर टर्मिनलवर टाइप केलेलं दिसेनासं होतं. तेव्हा आंधळेपणानेच ‘एसटीटीवाय सेन’ टाइप करून एंटर मारा.