ताजे फोटो ग्रुपला दाखवताना: चारशेतले चार कसे निवडायचे आणि समुद्राचा रंग कसा वाचवायचा

रविवारी पहाटे उठून किनाऱ्यावर जायचं, चारशे फोटो भरून आणायचे आणि दुपारचं जेवण व्हायच्या आत त्यातले साठ ग्रुपवर ओतायचे, हे मी स्वतः दोन वर्षं केलंय त्यामुळे कुणाला नावं ठेवत नाही. आमचा रत्नागिरीचा तीसेक हौशी लोकांचा गोतावळा आहे, त्यात दाताचे डॉक्टर आहेत, शाळेतल्या एक बाई आहेत, एक आंबा बागायतदार काका आहेत, महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी टीव्हीवर फोटो बघतो आणि मधल्या दिवसांत व्हॉट्सअ‍ॅप आहेच. साठ फोटो टाकले की पहिल्या तीनला अंगठे येतात, पुढचे कुणी उघडत पण नाही आणि ज्याचा फोन भरलाय तो मनातल्या मनात शिव्या घालतो. तर आता मी कसं करतो ते सांगतो, चुका करून करून जमलंय.

सगळ्यात आधी झोपा. खरंच. फोटो काढले त्याच दिवशी निवडू नका, कारण त्या दिवशी तुम्हाला फोटो दिसत नसतो, तुम्हाला पहाटेचा गारवा आणि टपरीवरचा चहा आठवत असतो आणि तो फोटोत आलाय असं वाटत असतं. दोन रात्री जाऊ द्या. कार्ड मात्र त्याच दिवशी रिकामं करून लॅपटॉप आणि अजून एका डिस्कवर कॉपी ठेवा, आणि ते करता करता कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर आहे ना बघून घ्या, बॅटरी बरेच दिवस काढून ठेवली की काही कॅमेऱ्यात तारीख मागे जाते आणि मग सगळे फोटो भलत्याच महिन्यात जाऊन बसतात.

तारखेवरून आठवलं. आमच्यात ताजा फोटो म्हणजे गेल्या तीस दिवसांतला, एवढा एकच कडक नियम आहे. एका जुलैत मी मार्चमधला फोटो "गेल्या आठवड्यातला" म्हणून सरकवला, निळंशार पाणी आणि लांबवर मासे मारणारे ट्रॉलर. दोन मिनिटांत बागायतदार काकांचा मेसेज, "जुलैत एवढं निळं पाणी तुला मिळालं कुठे रे, आमच्याकडे तर चहा आहे नुसता." आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते हे तर किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही माहीत, होड्या वर ओढून झाकून ठेवलेल्या असतात. जुना फोटो टाकायचा असेल तर जुना म्हणून टाका ना, कोण अडवतंय!

आता निवड. डिसेंबरात मालवणजवळ रापण बघायला गेलो होतो. होडीतून अर्धगोल जाळं टाकत जातात आणि मग त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसं ओढत आणतात, तास दोन तास चालतं. माझ्याकडे ४१२ फोटो. पहिल्या फेरीत फक्त उडवायचं काम करायचं, हललेले, डोळे मिटलेले, समोरून कुणीतरी गेलेलं, फार विचार करायचा नाही, एक सेकंदात निकाल. उरले ९०. दुसऱ्या फेरीत एकसारखे शेजारी शेजारी लावायचे आणि प्रत्येक जोडीतला एकच ठेवायचा, इथे जीव तुटतो पण ठेवायचा एकच. उरले २२. मग मोबाइलवर छोटे छोटे करून बघायचे, कारण ग्रुपमधली माणसं पण आधी अंगठ्याएवढाच बघणार आहेत, तिथे जो ओळखू येत नाही तो गेला. मग एक दिवस सोडून चार काढले: दोर खांद्यावर घेऊन मागे झुकलेली रांग, जाळ्यातल्या तारल्यांचा जवळून घेतलेला फोटो, मासळीचे वाटे घालताना वाळूवर वाकलेले हात, आणि एक म्हातारे रापणकर नुसतेच दोरावर बसलेले. चारांनी चार वेगळ्या गोष्टी सांगितल्या पाहिजेत, सूर्यास्ताचे चार फोटो म्हणजे एकच फोटो चारदा.

निवडलेल्यांची थोडी डागडुजी करा. क्षितिज सरळ करा, हे आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाचं कारण आपल्या निम्म्या फोटोंत समुद्र असतो आणि तो जरा तिरका असला तरी पाणी एका बाजूने सांडतंय असं वाटतं. आकाशात डाग शोधा, खारं पाणी लेन्सवर उडालेलं असतं आणि सेन्सरवरची धूळ एफ १६ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक केलं की, तर ठसठशीत दिसते. रंग थोडेच वाढवा. माड हिरवे असतात पण इतके हिरवे नसतात.

आता पाठवायचं कसं, इथे बहुतेकांची माती होते. चोवीस मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे साधारण ६००० बाय ४००० पिक्सेल, तो आहे तसा व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की अ‍ॅप आपल्या मनाने छोटा करतं आणि दाबतं, मग वाळूची शेवयांची खीर होते. त्यापेक्षा आपणच छोटा करायचा. लांब बाजू २०४८ पिक्सेल, जेपीईजी, क्वालिटी ८५ च्या आसपास, बऱ्याचदा एक-दीड एमबीत बसतो. पाठवताना एचडी निवडा, किंवा अजून चांगलं म्हणजे फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मग अ‍ॅप त्याला हात लावत नाही. आयफोनवाल्यांनी एचईआयसी फाइल (आयफोन फोटो ज्या प्रकारात साठवतो ती) तशीच पाठवू नका, जुन्या लॅपटॉपवर उघडत नाही आणि मग "काळं दिसतंय" असे फोन येतात.

एक्सपोर्ट करताना अजून एक बघा, कलर स्पेस (फाइलमध्ये रंग नोंदवायची पद्धत) एसआरजीबी आहे ना. माझा रत्नागिरीजवळच्या आरे-वारेचा समुद्र माझ्या लॅपटॉपवर झकास हिरवा-निळा होता आणि काहींच्या फोनवर मेलेला, करडा, मी दोन दिवस त्यांच्या फोनला दोष देत बसलो. चूक माझीच, कॅमेऱ्यात कधीतरी अ‍ॅडोबी आरजीबी लावून ठेवलं होतं. ते छपाईला ठीक पण सगळ्या स्क्रीनना आणि अ‍ॅपना ते नीट वाचता येत नाही, वाचता आलं नाही की रंग फिके पडतात.

डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा एक तोटा पण आहे आणि तो नीट समजून घ्या. फोटोच्या फाइलमध्ये तारीख, शटर स्पीड, लेन्स आणि लोकेशन चालू असेल तर जीपीएसची जागासुद्धा लिहिलेली असते, साधा फोटो म्हणून पाठवला तर व्हॉट्सअ‍ॅप ती काढून टाकतं पण डॉक्युमेंटमध्ये सगळं जसंच्या तसं जातं. तुमच्या घराच्या अंगणातला फोटो असेल तर घराचा पत्ताच दिलात. आणि समुद्री गरुडाचं किंवा धनेशाचं घरटं असेल तर विषयच नको, आज आपल्या तीस जणांत, उद्या पुढे ढकललेलं, परवा झाडाखाली दहा गाड्या. म्हणून एक्सपोर्ट करताना लोकेशन काढून टाका, फोनवरून पाठवत असाल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्येच लोकेशन बंद करा. सड्यावर (आपल्याकडचं कातळाचं पठार) एखादं कातळशिल्प, म्हणजे जमिनीच्या कातळावर कोरलेलं जुनं चित्र, नव्याने दिसलं तरी तेच, "राजापूर तालुका" एवढं पुरे. (आणि त्याच्या रेषा उठून दिसाव्यात म्हणून खडू चोळू नका हो. सकाळचं तिरपं ऊन घ्या, आपोआप उठतात.) वेळासला नाहीतर अंजर्ल्याला कासवाच्या पिल्लांचा फ्लॅश मारलेला फोटो आला तर आम्ही कौतुक करत नाही, सरळ काढायला सांगतो.

फोटोखाली काय लिहायचं? "अप्रतिम कोकण" सोडून काहीही. जागा, वेळ, भरती की ओहोटी, शटर स्पीड आणि जमलं तर तिथी. तिथी कशाला, तर आपल्याकडचा जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट केली की साधारण पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती आणि दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. "मिऱ्या, अष्टमी, संध्याकाळ, १/१५ सेकंद, दगडावर टेकवून" एवढं वाचून दुसरा माणूस तसंच पाणी पंधरा दिवसांनी बरोबर गाठू शकतो.

आणि एक प्रश्न विचारा, एकच. "कसा वाटला" विचारलं की "छान" येतं, बाकी काही येणार नाही. मी रापणीच्या रांगेच्या फोटोखाली विचारलं, डावीकडचा अर्धवट दिसणारा माणूस कापून टाकू का? चार जण कापा म्हणाले. शाळेतल्या बाईंनी लिहिलं, "दोर त्याच्याकडे जातोय. तो काढलात तर बाकीचे कुणाच्या मागे ओढतायत?" नाही कापला. दुसऱ्याच्या फोटोवर बोलताना पण असंच बोटाने दाखवून बोला, कुठल्या कोपऱ्यात काय खुपतंय ते, आणि नवीन माणूस असेल तर आधी काय आवडलं ते सांगा, हे काही शिष्टाचार म्हणून नाही, त्याला पुढच्या वेळी काय परत करायचं ते कळलं पाहिजे म्हणून.

टीव्हीवर दाखवणार असाल तर पेन ड्राइव्हमध्ये फाइलींना ०१, ०२ अशी नावं द्या, नाहीतर क्रम विस्कटतो. टीव्हीचा पिक्चर मोड व्हिव्हिडवर असतो तो सिनेमावर करा. पावसाळ्यात लॅपटॉप चार्ज करून न्या, लाईट जातेच.

राहिलं एक. तारल्यांचा फोटो काढत होतो तेव्हा ते दोरावर बसलेले म्हातारे रापणकर म्हणाले, "फोटो काढलंस ता बरां केलंस, पण माका दाखव तरी." स्क्रीनवर दाखवला तर त्यांनी लांब धरला, जवळ धरला, चष्मा नव्हता. तर ज्याचा फोटो आहे त्याला आधी विचारा ग्रुपला दाखवू का, लहान पोरं असतील तर आईबापांना विचारा, आणि पुढच्या खेपेला जाताना सहा बाय चारची प्रिंट घेऊन जा. लॅमिनेट करून न्या, खाऱ्या हवेत नुसता कागद एक पावसाळा पण काढत नाही.