कॉलेजचा बास्केटबॉल संघ: जूनपासून आंतरमहाविद्यालयीनपर्यंत

आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धा बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत, बाद पद्धतीने उरकते. एक सामना गेला की वर्षाचा हंगाम तिथेच संपतो. त्यामुळे पुरुष संघाची तयारी करताना स्पर्धेच्या तारखेपासून उलटं मोजत यायचं आणि दर आठवड्याला एकच प्रश्न विचारायचा: दोन दिवसांत तीन सामने ओढायला ही पोरं तयार होतायत का?

मराठवाड्यातली बहुतेक कॉलेजं दोन विद्यापीठांकडे आहेत. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांतली कॉलेजं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोलीची स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे. क्रीडा विभागाचं वार्षिक वेळापत्रक आलं की बास्केटबॉलची तारीख भिंतीवर लावा आणि मागे १२ आठवडे मोजा.

कागदावर १२ आठवडे म्हणजे आठवड्याला सहा याप्रमाणे ७२ दिवस. प्रत्यक्षात तेवढे मिळत नाहीत. पोळ्याला पोरं गावी जातात, महालक्ष्म्यांना जातात, दसऱ्याला जातात. सोयाबीन काढणीला आलं की घरून फोन येतो आणि अर्धा संघ आठ दिवस रानात असतो. त्यावर चिडून उपयोग नाही, घरचं काम आहे ते. पावसाने जाणारे दिवसही धरले तर हातात ४५ ते ५० सराव राहतात. वेळापत्रक तेवढ्यावरच बसवा. पहिले चार आठवडे अंग आणि हात तयार करायचे, पुढचे पाच संघ म्हणून खेळायला शिकायचं आणि शेवटचे तीन सामने खेळायचे. काढणीचे आठ दिवस सामन्यांच्या आठवड्यांत येत असतील, तर मैत्रीपूर्ण सामने आधीच उरकून घ्या.

निवड

सरावाला १६ ते १८ जण ठेवा. सामन्याच्या यादीत १२ जातात. उंच पोरगा दिसला की सगळे त्याच्याकडे धावतात, पण आपल्याकडचे सामने जास्त करून चेंडू पुढे आणणाऱ्यांच्या कमतरतेमुळे जातात. दबावाखाली दोन्ही हातांनी ड्रिबल करत, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत नेत, मध्यरेषा ओलांडणारे निदान तीन जण हवेत. एक पाच फाऊलवर बाहेर जातो, एकाचा घोटा मुरगळतो, तिसरा उरतो. खो-खो खेळलेल्या पोरांना जरूर बोलवा. दिशा बदलणं आणि खाली बसून हलणं त्यांच्या अंगात असतं, आणि बचावातलं निम्मं काम तेच आहे.

दमाची चाचणी मैदानातच घ्या. एका टोकाच्या रेषेवरून निघून जवळच्या फ्री थ्रो रेषेला (फाऊलनंतर मिळणारा मोकळा शॉट जिथून मारतात ती) हात लावून परत, मग मध्यरेषा, मग पलीकडची फ्री थ्रो रेषा, मग पलीकडची शेवटची रेषा, प्रत्येक वेळी परत मूळ जागी. २८ मीटरच्या मैदानावर हे बरोबर १४० मीटर होतं. ३० सेकंदांच्या आसपास पूर्ण झालं तर उत्तम. एकदा पळून घेण्यात अर्थ नाही. दोन मिनिटांच्या विश्रांतीने चार वेळा पळवा आणि चौथ्या वेळेचा आकडा वहीत लिहा. पहिली आणि चौथी यांत पाच सेकंदांहून जास्त फरक असेल, तर तो खेळाडू चौथ्या क्वार्टरमध्ये, म्हणजे सामन्याच्या शेवटच्या चौथ्या भागात, पळायचं सोडून नुसता उभा राहील.

मैदान आधी मोजा

हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण पुढची सगळी मेहनत यावर उभी आहे. आपल्याकडची बहुतेक मैदानं उघडी आणि सिमेंटची, त्यातली कित्येक २०१० च्या आधी आखलेली. त्या वर्षी आंतरराष्ट्रीय नियम बदलले: तीन गुणांची रेषा ६.२५ वरून ६.७५ मीटरवर गेली आणि बास्केटखालचा समलंब चौकोन जाऊन आयत आला. जुन्या रेषांवर घोटून घोटून बसवलेला नेम स्पर्धेच्या मैदानावर अर्धा मीटर आखूड पडतो, आणि पोराला वाटतं आज हात चालत नाही.

नव्याने आखायला दोन माणसं, टेप, न ताणणारी दोरी आणि खडू लागतो. बास्केटच्या केंद्रातून ओळंबा सोडा. तो बिंदू शेवटच्या रेषेच्या आतल्या कडेपासून १.५७५ मीटरवर यायला हवा. येत नसेल तर खांब सरकलेला आहे किंवा फळा झुकलेला आहे. आधी ते दुरुस्त करा. त्या बिंदूवर दोरी धरून ६.७५ मीटरचा कंस काढा. ही रेषेची बाहेरची कड. दोन्ही बाजूंना बाजूच्या रेषेपासून ०.९० मीटर आत समांतर सरळ रेषा येतात. कंस आणि सरळ रेषा शेवटच्या रेषेपासून २.९९ मीटरवर जुळल्या की आखणी बरोबर. आयत ४.९० मीटर रुंद. फ्री थ्रो रेषेची दूरची कड शेवटच्या रेषेपासून ५.८० मीटरवर. सगळ्या रेषा ५ सेंटिमीटर जाडीच्या. जुन्या रेषा खरवडून काढा किंवा मैदानाच्या रंगाने पूर्ण झाका, नाहीतर घाईच्या क्षणी पोरांची नजर जुन्याच रेषेवर जाते.

रिंगची वरची कड जमिनीपासून ३.०५ मीटर, म्हणजे दहा फूट. ती पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंना अशी चार ठिकाणी मोजा. रिंगला लोंबकळणाऱ्यांमुळे पुढची कड दोन-तीन इंच खाली आलेली असते. तशा रिंगवर सपाट शॉटही आत जातो, मग सरळ रिंगवर तोच शॉट पुढच्या कडेवर आपटतो.

पावसाळ्यात सिमेंटवर शेवाळ धरतं. ब्लीचिंग पावडर टाकून तारेच्या ब्रशने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. डबक्यातलं पाणी वायपरने काढा. वर वाळू टाकू नका. ऊन पडलं की तीच वाळू बुटाखाली गोट्यांसारखी फिरते आणि गुडघे जातात.

चेंडू ७ नंबरचा. १६ जणांना निदान सहा. सिमेंटवर कातडी चेंडू महिन्याभरात गुळगुळीत होतो, म्हणून रोजच्या सरावाला चांगला रबरी चालेल. मात्र शेवटचे दोन आठवडे स्पर्धेत असतो तसाच चेंडू वापरा. हवा तपासायची सोपी रीत आहे. चेंडूचा तळ सहा फुटांवर धरून सोडला की उसळीत त्याची वरची बाजू चार ते साडेचार फुटांपर्यंत यावी.

१०० मिनिटांचा सराव

सर्वात मोठी चूक म्हणजे आल्याबरोबर दोन संघ पाडून सामना सुरू करणं. दीड तासात दहा जण पळतात, सहा बघत बसतात, आणि ज्याला डाव्या हाताने ड्रिबल येत नाही त्याला ते कधीच येत नाही.

पहिली १५ मिनिटं धावणं, ताण आणि घोट्याचं काम: एका पायावर ३० सेकंद, दोन्ही पाय, तीन वेळा. पुढची २० चेंडू हाताळणी आणि ले-अप (पळत येऊन बास्केटजवळून मारलेला शॉट), निम्मे डाव्या हाताने. २५ मिनिटं शॉट. ३० मिनिटं बचाव आणि तीन विरुद्ध तीन. शेवटची दहा फ्री थ्रो.

ले-अपपाशी थांबा, कारण ट्रॅव्हलिंगच्या, म्हणजे चेंडू हातात धरून जास्त पावलं टाकल्याच्या, शिट्ट्या इथेच वाजतात. पळता पळता चेंडू हातात आला त्या क्षणी जो पाय जमिनीवर आहे तो मोजत नाहीत. त्यानंतर दोन पावलं मिळतात. हा नियम २०१७ पासून असाच आहे. पण उभ्याने सुरुवात करताना हिशेब वेगळा. पिव्होटचा पाय (जो टेकवून ठेवून त्यावर वळतात तो) उचलण्याआधी चेंडू हातातून सुटलेला पाहिजे. आपली पोरं आधी पाय टाकतात, मग चेंडू आपटतात. खेळाडूला बाजूने उभं राहून बघा, चेंडू आणि टाच यांत आधी काय सुटतं ते दिसतं. रोज दहा वेळा सावकाश करून घेतलं की दोन आठवड्यांत सवय मोडते.

फ्री थ्रो दमल्यावरच घ्या. मैदानाच्या दोन फेऱ्या, दोन शॉट, पुन्हा दोन फेऱ्या. असे दहा जोड. प्रत्येकाचे २० पैकी किती गेले ते वहीत लिहा. १३ च्या खाली असणाऱ्याच्या हातात शेवटच्या दोन मिनिटांत चेंडू ठेवू नका.

बचावात पहिले पाच आठवडे मॅन-टू-मॅनच, म्हणजे प्रत्येकाने समोरचा एकेक खेळाडू धरायचा. २-३ झोन (पुढे दोघं, मागे तिघं, प्रत्येकाने आपापली जागा राखायची) दोन दिवसांत उभा राहतो म्हणून मोह होतो. पण आधी झोन शिकलेली पोरं पाय हलवायचं सोडतात, आणि शॉट उडाला की रिबाउंडला, म्हणजे हुकून परत आलेला चेंडू घ्यायला, कोणी कोणाला अडवायचं हे कोणालाच ठाऊक नसतं. मॅन-टू-मॅन बसल्यावर झोन आपोआप चांगला होतो.

समोरच्याने पूर्ण मैदानभर प्रेस लावला, म्हणजे चेंडू आत येताच अंगावर येऊन अडवायला लागला, की नवखा संघ पाच मिनिटांत १० गुणांनी मागे पडतो. उपाय पाठ करून घ्या. चेंडू आत टाकणारा बास्केटच्या मागे उभा न राहता बाजूला सरकतो, म्हणजे फळा पासच्या आड येत नाही. पहिला पास घेणारा कोपऱ्याकडे वळत नाही, कारण तिथे दोन्ही रेषा बचाव करणाऱ्याच्या मदतीला असतात. एक जण मधल्या वर्तुळापाशी येऊन तोंड चेंडूकडे करून उभा राहतो आणि दुसरा पास त्यालाच जातो. मध्यरेषा ओलांडायला ८ सेकंद असतात; दोन पासमध्ये ती चारात ओलांडता येते.

कागदपत्रं

संघ मैदानात न हरता टेबलावरच बाद होतो तो कागदांमुळे. अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धांना १ जुलै रोजी १७ ते २५ हे वय लागतं, म्हणून जन्मतारीख पहिल्याच दिवशी बघा. पात्रता अर्ज, दहावी-बारावीची प्रमाणपत्रं, चालू वर्षाची प्रवेश पावती, बोनाफाईड, ओळखपत्र आणि फोटो यांची प्रत्येकाची वेगळी फाईल ऑगस्टमध्येच करा. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, किंवा वडिलांच्या नावात एका अक्षराचा फरक, हे नेहमीचं. शिक्षणात खंड पडला असेल किंवा कॉलेज बदललं असेल, तर विद्यापीठाच्या क्रीडा विभागाकडून लेखी उत्तर घ्या. तोंडी 'चालतंय' स्पर्धेच्या सकाळी कामाला येत नाही.

प्रवास, खाणं, पाणी

आदल्या संध्याकाळी पोहोचा. किनवटहून लातूरला जायचं तर दिवस एसटीत जातो, आणि पहाटे निघून दुपारी खेळणाऱ्या पोराचे पाय आखडलेले असतात. सामन्याच्या तीन तास आधी वरण-भात किंवा भाकरी आणि साधी भाजी; तर्रीचा रस्सा आणि भजी रात्रीसाठी राखून ठेवा. दोन सामन्यांच्या मधे केळी, गूळ-शेंगदाणे, चिक्की. ऑक्टोबरचं ऊन फसवं असतं, म्हणून दर १५-२० मिनिटांनी पेलाभर पाणी. फार घाम जाणाऱ्यांसाठी लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा आणि सपाट भरलेला. मिठाचं प्रमाण अंदाजाने वाढवू नका.

घोटा मुरगळला तर त्या दिवशी मालिश नाही, हाडवैद्याकडून ओढून घेणं नाही. कापडात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं, क्रेप बँडेज, पाय उंच. चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबल्यावर कळ येत असेल, तर एक्स-रे काढा. एका पायावर दहा उड्या न दुखता मारता येईपर्यंत मैदानात नाही.

सामन्याच्या दिवशी

फिक्या आणि गडद रंगाच्या जर्सीचे दोन्ही संच सोबत हवेत. ड्रॉमध्ये पहिलं नाव असलेला संघ फिका रंग घालतो. खेळाडूंची यादी ४० मिनिटं आधी, पहिले पाच १० मिनिटं आधी. शॉट क्लॉकचं (शॉट मारायला मिळणारे २४ सेकंद दाखवणारं) यंत्र नसेल तर २४ सेकंद कोण आणि कसे मोजणार, शेवटचे किती सेकंद मोठ्याने सांगणार, हे पंचांना आधीच विचारा.

बेंचवर एकाच्या हातात वही द्या. त्याने दोनच गोष्टी लिहायच्या: प्रत्येकाचे फाऊल आणि क्वार्टरमधले संघाचे फाऊल. चार झाले की पाचव्यापासून समोरच्याला दोन फ्री थ्रो. पहिल्या क्वार्टरमध्ये दोन फाऊल झालेल्याला बसवा, तो कितीही चांगला असला तरी.

टाइमआउट पहिल्या हाफमध्ये दोन, दुसऱ्यात तीन. यातला सापळा असा की चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत जास्तीत जास्त दोनच घेता येतात. म्हणजे तिसरा त्याआधी घेतला नाही तर तो वाया जातो. त्या दोन मिनिटांत चेंडू आपल्याच अर्ध्यात असताना टाइमआउट घेतला, तर थ्रो-इन (बाहेरून चेंडू आत टाकणं) पुढच्या अर्ध्यातून घेता येतो. तीन गुणांनी मागे असाल तेव्हा याची किंमत कळते. त्यासाठी एकच साधी चाल बसवून ठेवा.

एकाच दिवशी दोन सामने असतील, तर पहिल्यात कोणालाही ३० मिनिटांपेक्षा जास्त खेळवू नका. १५ गुणांची आघाडी झाली की बेंच उतरवा, म्हणजे संध्याकाळी पाय उरतात.

स्पर्धेनंतर विद्यापीठ संघाची निवड होते, मग शिबिर, मग पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ. त्यातले पहिले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेला जातात. निवड चाचणीला जाणाऱ्याला त्याच्या वहीतले आकडे सोबत द्या. बाकीच्यांचा सराव जानेवारीपासून आठवड्यातून तीन दिवस चालू ठेवा. मार्च लागला की तो पहाटे साडेपाच ते साडेसातच्या मधेच घ्या, आणि चेंडू पुढे आणायचं काम प्रथम वर्षाच्या दोघांकडे सोपवा, कारण तृतीय वर्षाची पोरं जूनमध्ये नसतील.